लहान चर्चमधील ध्वनियंत्रणा : दोष कोठे आहे?

ध्वनिवर्धकाचा वापर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा सर्वच धर्मांच्या प्रार्थनास्थळांना लागू आहे. मात्र हा प्रश्न चर्चबाहेर जाणाऱ्या आवाजाचा झाला. आपल्या अनेक लहान चर्चेसमध्ये आत बसलेल्या भाविकांनाच शब्द नीट ऐकू येत नाहीत, त्याचे काय?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषेला स्थान दिले. रोमन मिस्सलच्या सर्वसाधारण सूचनांतील ३११ वे कलम तर, आधुनिक साधनांच्या साहाय्याने भाविकांना सहज ऐकू यावे याची काळजी घ्या, असे सांगते. मराठी शास्त्रवाचन घरघरीत बुडाले, तर मागच्या बाकावरील आजींना ते लॅटिनइतकेच दूरचे!

यंत्रणा बिघडली की आपण मोठ्या अॅम्प्लिफायरसाठी देणग्या गोळा करतो. कर्ण्याचा आवाज मायक्रोफोनमध्ये पुन्हा शिरल्याने शिट्टी वाजते. आवाज वाढविला की ती अधिकच वाढते. कर्णे मायक्रोफोनच्या पुढे, लोकांकडे तोंड करून हवेत. घरघर बहुधा सदोष अर्थिंगमुळे किंवा खाऱ्या हवेत गंजलेल्या जोडण्यांमुळे येते. प्रतिध्वनी फार असेल, तर भाविकांजवळ लहान कर्णे मंद आवाजात लावावेत. शेजाऱ्यांनाही त्रास होणार नाही.

नव्या यंत्रावर देणगीदाराचे नाव लिहिता येते, गंजलेल्या जोडणीवर नाही. म्हणून देखभालीची तरतूद धर्मग्रामाच्या अर्थसमितीनेच करावयास हवी.