अंघोळीआधीच वाहून जाणारी बादली

पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांत सकाळचं चित्र सारखंच असतं. गच्चीवर सोलरची टाकी आहे, पाणी चांगलं कढत आहे; पण ते खाली यायचं तर नळीत रात्रभर निवलेलं पाणी आधी बाहेर पडायला हवं. मग खालच्या मजल्यांवर नळ सोडून ठेवला जातो. तोवर दात घासून होतात, चहाचं आधण चढतं. कुणीतरी येऊन धारेखाली हात धरतं, "अजून गारच आहे" म्हणतं आणि परत जातं. शुद्ध करून घरापर्यंत आणलेलं पाणी तेवढा वेळ जाळीतून गटारात जात असतं.

हिशेब करून पाहावा. आतून २५ मिलिमीटर व्यासाच्या नळीत दर मीटरला साधारण अर्धा लिटर पाणी मावतं. गच्चीपासून न्हाणीघरापर्यंत २० मीटर नळी असेल तर १० लिटर पाणी अंगावर तांब्या पडण्याआधीच गेलं. घरातली माणसं दोन-दोन तासांच्या अंतरानं अंघोळीला गेली, तर मधल्या वेळात नळी निवते आणि नळ पुन्हा सोडावा लागतो.

दहा लिटर किरकोळ वाटतील; पण दुष्काळात एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे गेली, तेव्हा तिच्या १० वाघिणींत मिळून सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. पाणी भरण्याच्या ठिकाणी तंटे होऊ नयेत म्हणून त्याआधीच लातुरात जमावबंदी लागू झाली होती. ५० हजार घरांनी एका सकाळी १०-१० लिटर गार पाणी सोडून दिलं, तर तेवढीच एक गाडी रिकामी होते.

पाणी वाचवायचं म्हटलं की गाडी बादली विरुद्ध शॉवर या वादावर येऊन थांबते. तो वाद खोटा नाही. शहरी माणसासाठी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात आणि त्याच्या प्रचलित विभागणीत अंघोळीचा वाटा ५५ लिटरचा असतो. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला पिणं, स्वयंपाक, धुणीभांडी आणि अंघोळ धरून अख्ख्या दिवसाला मिळायचं पाणीही ५५ लिटरच आहे. आपल्या शॉवरचा वेग ज्याला माहीत नाही, त्यानं १५ लिटरची बादली खाली ठेवून घड्याळ लावावं. ती मिनिटात भरली, तर आठ मिनिटांच्या अंघोळीला १२० लिटर लागतात. मिनिटाला सहा-सात लिटर सोडणारे शॉवर बाजारात मिळतात, तोटीला जाळी बसवणं तर त्याहून सोपं.

बंब आणि घंगाळाच्या दिवसांत विसणाचं पाणी घंगाळातच पडायचं, वाया जायचा प्रश्नच नव्हता. आता मिक्सरचा दांडा इकडे-तिकडे फिरवून मनासारखं पाणी येईपर्यंत धार चालूच राहते. पहिल्या धारेखाली बादली लावणं हा उपाय आजपासून करता येतो. ते पाणी स्वच्छच असतं; विसणाला, फरशीला, कपडे भिजवायला चालतं. घरच्यांनी लागोपाठ अंघोळी उरकल्या तर नळीही गरम राहते.

तरीही सगळा भार घरातल्या बाईच्या शिस्तीवर टाकून चालणार नाही. रोज भल्या पहाटे बादल्या कोण हलवतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. खरा दोष नळीच्या आखणीत आहे. गरम पाण्याच्या नळीला उष्णतारोधक वेष्टण घालता येतं. नळीतलं निवलेलं पाणी छोट्या पंपानं पुन्हा टाकीत नेणारी रिटर्न लाइनही टाकता येते, आणि हॉटेलांमध्ये ती असतेही. नव्या इमारतीत सोलर सक्तीचा करताना तिची अटही घालायला हवी; बिल्डरला बांधतानाच ती सोपी जाते, पुढे भिंती फोडाव्या लागतात. जुन्या सोसायट्यांनी निदान उघड्यावरच्या नळ्यांना वेष्टण घालावं आणि प्लंबरला बोलावून रिटर्न लाइनचा अंदाज घ्यावा. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते. पार्किंग आणि रंगकामाच्या बरोबरीनं या खर्चाचा विषयही यंदाच्या विषयपत्रिकेत यायला हवा.