सामावून घेणारा करार

रंग ओळखताना ज्याची गफलत होते, त्याच्या हाती प्रवाशांनी भरलेली बस द्यायची नाही, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न त्यापुढचा आहे. बस काढून घेतली म्हणजे नोकरीही काढून घ्यायची का? तेलंगणातील राज्य परिवहन महामंडळाच्या एका चालकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1 ऑगस्ट 2025 रोजी याचे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी दिले. हा तरुण 2014 मध्ये चालक म्हणून रुजू झाला. पुढे वैद्यकीय तपासणीत रंगांधत्व आढळले, तो 'अनफिट' ठरला आणि जानेवारी 2016 मध्ये महामंडळाने त्याला सक्तीने निवृत्त केले. श्रमिक पदावर घ्या, एवढीच त्याची विनंती होती. ती फेटाळताना त्याला कोणते दुसरे काम देता येईल, याचा शोधही महामंडळाने घेतला नाही. न्या. जे. के. माहेश्वरी आणि न्या. अरविंद कुमार यांच्या खंडपीठाने त्याला आठ आठवड्यांत, निवृत्तीच्या वेळच्या वेतनश्रेणीत, योग्य पदावर परत घेण्याचा आणि थकबाकीपैकी 25 टक्के रक्कम देण्याचा आदेश दिला. घर चालवण्याच्या वयातील साडेनऊ वर्षे या माणसाने कोर्टकचेरीत घालवली.

या निकालात दिव्यांगांच्या हक्कांची चर्चा आहेच. पण महाराष्ट्रातील कामगार संघटनांनी वाचावा असा भाग वेगळा आहे. न्यायालयाने ज्या कागदाचा मुख्य आधार घेतला, तो महामंडळ आणि कामगार संघटना यांच्यात 17 डिसेंबर 1979 रोजी झालेला करार होता. रंगांधत्व आढळलेल्या चालकाला पगाराला धक्का न लावता दुसरे काम द्यावे, असे त्यातील चौदावे कलम सांगत होते. महामंडळाने अंतर्गत परिपत्रके पुढे केली, नंतरच्या कराराकडे बोट दाखवले. संघटनेशी झालेला बंधनकारक करार साध्या प्रशासकीय परिपत्रकाने मोडता येत नाही, असे न्यायालयाने बजावले. तो चालक नोकरीला लागण्याच्या 34 वर्षांहून अधिक काळ आधी वाटाघाटीला बसलेल्या पुढाऱ्यांनी एक कलम लिहून घेतले होते. त्याने त्यांना पाहिलेही नसेल. पण त्याची चूल त्या कलमाने पुन्हा पेटवली.

कामगार संघटनेचे मोठेपण आपण साधारणपणे पगारवाढीच्या आकड्याने, संपाच्या दिवसांनी मोजतो. सहकाऱ्याचा हात, डोळे, कंबर किंवा मन कामाला साथ देईनासे होते, तेव्हा संघटना कुठे उभी राहते, हा निकष आम्हाला त्याहून मोठा वाटतो.

कायद्याची वाट आता बरीच मोकळी आहे. 1990 मध्ये राजस्थान परिवहन महामंडळाच्या चालकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ओळखले होते, की वर्षानुवर्षे रस्त्यावर डोळे ताणून ज्यांची दृष्टी अधू झाली, त्यांना दुखणेकरी ठरवून हाकलणे अन्याय आहे. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यातील 47 व्या कलमाने हे तत्त्व लेखी केले. नोकरीत असताना अपंगत्व आले तर कामावरून काढायचे नाही, पद खाली आणायचे नाही, त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यायचे. तेही नसेल तर योग्य जागा रिकामी होईपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवायचे. पाय गमावलेल्या एका शिपायाच्या खटल्यात 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम पाळणे मालकाच्या मर्जीवर नाही, असे सांगितले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने तेच संरक्षण विसाव्या कलमात ठेवले, दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून 21 वर नेले आणि 'वाजवी सोय' देणे हे कर्तव्य ठरवले. मालकावर अवाजवी बोजा न टाकता कामाची जागा, वेळ, साधने किंवा पद्धत यांत त्या माणसापुरता करावा लागणारा बदल म्हणजे ही सोय. तमिळनाडूच्या वीज कंपनीतील रंगांध अभियंत्याच्या प्रकरणात 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेले. एखादा दोष कायद्याच्या यादीत नाही, म्हणून मालकाला हात झटकता येणार नाहीत, असा त्या निकालाचा रोख होता.

तरी हे सगळे कायदे मालकाशी बोलतात. संघटनेचे काय? याबाबत आपल्याकडे स्पष्ट काही म्हटले गेलेले नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते 1992 मध्येच म्हटले. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील एका शाळेत सफाई आणि देखभाल करणारा कर्मचारी धर्माने सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट होता. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत काम वर्ज्य, ही त्याची श्रद्धा. त्याची पाळी मात्र शुक्रवारी रात्री अकरापर्यंत चाले. शिक्षण मंडळ त्याला रविवार ते गुरुवार काम द्यायला तयार झाले. पाळ्या करारात ठरलेल्या असल्यामुळे संघटनेची संमती हवी होती. ती संघटनेने नाकारली, उलट मंडळाविरुद्ध तक्रार दाखल करू म्हणून बजावले. अखेर माणूस नोकरीला मुकला.

न्यायमूर्ती जॉन सोपिंका यांनी लिहिलेल्या निकालात मंडळ आणि संघटना, दोघांनाही जबाबदार धरण्यात आले. त्यामागचा विचार सरळ आहे. भेदभाव करणारा नियम करारात लिहिताना संघटनेची सही असेल, तर ती त्या भेदभावात भागीदार होते. मालक वाजवी मार्ग काढत असताना संघटना त्याला अडवत असेल, तरीही ती भागीदारच. करारावर सही झाली आहे, या सबबीवर मूलभूत हक्क बाजूला ठेवता येत नाहीत. त्याच वेळी न्यायालयाने संघटनेची बाजूही नीट समजून घेतली. इतर कामगारांच्या हक्कांना खरोखर मोठा धक्का बसत असेल, तर ती अडचण विचारात घ्यावी लागते. 'मग आम्हालाही द्या' अशी नुसती नाराजी मात्र पुरेशी ठरत नाही. सोय मागणाऱ्या कामगारानेही सहकार्य केले पाहिजे, मनासारखाच तोडगा हवा असा हट्ट धरता येणार नाही, हेही तिथे नमूद आहे.

त्याच प्रांतात संघटनेने नेमकी उलटी भूमिका बजावल्याचेही उदाहरण आहे. जंगलातील वणवे विझवणाऱ्या एका महिलेने अडीच किलोमीटर अंतर 11 मिनिटांत धावून पूर्ण केले नाही. तिला 49.4 सेकंद जास्त लागले आणि तीन वर्षे चोख काम करूनही तिची नोकरी गेली. तिची लढाई तिच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली आणि 1999 मध्ये जिंकली. ही चाचणी त्या कामासाठी खरोखर आवश्यक आहे, हे सरकारला सिद्ध करता आले नाही. 'सगळ्यांना एकच नियम' या वाक्यात कुणाचे शरीर गृहीत धरले आहे, ते तपासायला या निकालाने मालकांना भाग पाडले. आणि सोयीलाही सीमा आहे, हे 2008 मध्ये कॅनडातीलच हायड्रो-क्यूबेक या वीज कंपनीच्या खटल्यात स्पष्ट झाले. साडेसात वर्षांत 960 दिवस गैरहजर राहिलेल्या कर्मचाऱ्यासाठी अनेक बदल करून झाल्यावर मालकाने अशक्यही करून दाखवावे, अशी अपेक्षा न्यायालयाने ठेवली नाही.

महाराष्ट्रातील संघटनांना अशा सोयीतून येणाऱ्या 'अपवादा'चे भय वाटते, त्याला इतिहास आहे आणि तो समजून घेतला पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत कामावर कोणाला घ्यायचे, कोणाला घरी पाठवायचे, हे जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या मर्जीवर चाले. त्याची मूठ दाबावी लागे. या मर्जीला तोड म्हणून कामगारांनी सर्वांना सारखा लागू होणारा नियम मागितला. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांतून 10 जून 1890 रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली, तीही सर्वांना एकसारखीच. सेवाज्येष्ठतेची यादी, पाळ्यांची फेरी, बढतीचा क्रम हे सगळे साहेबाच्या लहरीविरुद्धचे कामगाराचे कवच आहे. या कवचाला भोक पाडा, असे कुणी म्हटले की जुन्या कार्यकर्त्याच्या मनात शंका येणारच.

ती शंका निराधारही नाही. 'लाइट ड्युटी' खऱ्या आजारी माणसाला मिळते की पुढाऱ्याच्या मर्जीतल्याला, ही कुजबुज आगारांत, वीज उपकेंद्रांत, पालिकेच्या चौक्यांत सर्रास ऐकू येते. कंबर गेलेला चालक मेडिकल बोर्डाच्या दारात ताटकळतो आणि धडधाकट माणूस कार्यालयातील खुर्ची उबवतो, असे चित्र सहकाऱ्यांना दिसले, तर वाजवी सोयीची सारी कल्पनाच त्यांच्या मनातून उतरते. पण यावर उपाय अपवाद बंद करण्याचा नाही. अपवादाची रीत लिहून काढणे आणि ती उघड ठेवणे हा उपाय आहे. अर्ज कुणाकडे करायचा, किती दिवसांत उत्तर मिळायचे, वैद्यकीय माहिती कोण पाहणार आणि ती गुप्त कशी राहणार, रिकाम्या जागांची यादी कुठे लागणार, नकार दिला तर कारणे लेखी मिळणार की नाही, हे करारात असले म्हणजे वशिल्याला जागा उरत नाही. बसलेल्या माणसाला उठवून त्याची जागा देण्याची वेळ क्वचितच येते. बहुतेक वेळा रिकामी जागा असते, पाळी बदलण्यासारखी असते, एखादे जड काम दुसऱ्याकडे देऊन त्याचे हलके काम इकडे घेता येते. कुठे काय हलवता येईल, हे मनुष्यबळ विभागापेक्षा खात्यातल्या कामगार प्रतिनिधीला अधिक ठाऊक असते. म्हणूनच या शोधात संघटना पहिल्या दिवसापासून हवी.

हे बोलण्याची वेळ आताच आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेनुसार 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकटी वाटाघाटीला बसेल. तसे बहुमत कुणाकडेच नसेल तर किमान 20 टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांची वाटाघाट परिषद होईल. बहुमताच्या जोरावर ज्याला सर्वांच्या वतीने सही करण्याचा अधिकार मिळतो, त्याच्यावर सर्वांची जबाबदारी येते. समेटातून झालेला करार सभासद नसलेल्यांनाही बांधतो, उद्या कामाला लागणाऱ्यालाही बांधतो. मग पाचशेंच्या खात्यातील एकट्या कर्णबधिर ऑपरेटरला, डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा लवकर सुटावे लागणाऱ्या फिटरला, नैराश्यावर औषधे चालू असलेल्या वाहकाला 'तुझ्या एकट्यासाठी काय करणार' असे म्हणण्याची मुभा त्या संघटनेला असता कामा नये. मते मोजण्याच्या खेळात हा माणूस कायम अल्पमतात राहणार. त्याचे संरक्षण बहुमतावर सोपवता येत नाही.

कायद्यातली एक मोठी उणीवही सांगितली पाहिजे. 2016 च्या कायद्याचे विसावे कलम फक्त सरकारी आस्थापनांना लागू आहे. खासगी कारखान्याला समान संधी धोरण जाहीर करावे लागते. पण यंत्रावर हात गमावलेल्या कामगाराला दुसरे काम देण्याची तशी थेट सक्ती नाही. भारताने 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला मान्यता दिली. वाजवी सोय नाकारणे हा भेदभावच आहे, असे तो करार म्हणतो आणि सरकारी-खासगी असा फरक करत नाही. संसदेने विसाव्या कलमातील 'सरकारी' ही अट काढावी, असे आमचे मत आहे. ती निघेपर्यंत चाकण, वाळूज, सातपूर, बुटीबोरी इथल्या कारखान्यांत दर काही वर्षांनी होणारे वेतनकरारच ही उणीव भरून काढू शकतात. वाजवी सोयीचे कलम करारात आले की मालकाला ते पाळावे लागते.

व्यवस्थापनांचे म्हणणे खर्चाचे असते. तोट्यातील महामंडळाने अधिसंख्य पदे किती सांभाळायची, हा प्रश्न खोटा नाही. पण अवाजवी बोजा आहे असे नुसते म्हणून चालत नाही. काय तपासले, कोणत्या जागा पाहिल्या, किती खर्च येणार होता, हे दाखवावे लागते. तेलंगणच्या महामंडळाकडे दाखवायला काहीच नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने नेमके त्यावरच बोट ठेवले.

एसटी, बेस्ट, महावितरण, महापालिका, साखर कारखाने आणि खासगी उद्योग यांतील संघटनांना आमचे आवाहन आहे: पुढच्या वेतनकराराच्या मागणीपत्रात पगारवाढीच्या आकड्याशेजारी वाजवी सोयीचे कलम लिहा, त्याची रीत आणि मुदत ठरवून घ्या आणि त्यावर सही झाल्याशिवाय टेबलावरून उठू नका.