निपाणीच्या मुलांच्या हाती माईक द्या

कॉलेजात रेडिओ शिकायचा म्हणजे गोड आवाजात निवेदन करायचे, हा समज आधी सोडायला हवा. मी कर्नाटकातल्या निपाणीत मराठी शिकवते. एका विद्यार्थिनीने विडी वळणाऱ्या आपल्या आजीची मुलाखत मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून आणली. पंखा चालू राहिल्याने निम्मे शब्द घरघरीत बुडाले होते. पुन्हा गेली तेव्हा तिने पंखा बंद केला, फोन आजीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरला. मग तेंदूची पाने कापणारी कात्रीही स्पष्ट ऐकू आली आणि मजुरीचा हिशेबही. प्रश्न विचारून गप्प राहायचे, हे ती त्या दिवशी शिकली.

अशा मुलाखती लोकांपर्यंत पोहोचवायला आपले रेडिओ केंद्र हवे. बेळगावात केएलई या शिक्षणसंस्थेचे 'वेणुध्वनी' हे ९०.४ एफएमवरचे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाने २००४ मध्ये देशातले पहिले कॅम्पस रेडिओ केंद्र सुरू केले. २००६ च्या सरकारी धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही परवान्याची मुभा दिली. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांच्या सहभागातून आणि शक्यतो स्थानिक बोलीत व्हावेत, असे हे धोरणच सांगते. आमची बोली मराठी, पण कन्नडचा हात धरून चालणारी. ती पुण्याच्या वा बेंगळुरूच्या स्टुडिओतून कशी येणार?

१०० वॅटचे प्रक्षेपण साधारण १० किलोमीटर जाते. निपाणी आणि आसपासच्या गावांना तेवढे पुरे. इथल्या महाविद्यालयांनी एकत्र येऊन मराठी-कन्नड केंद्रासाठी अर्ज करावा. परवान्याची वाट न पाहता रेडिओचा वर्ग मात्र येत्या सत्रापासूनच सुरू करावा.