रात्री दोघींच्या, लाभ माझ्या एकटीचे

मोठ्या हॉटेल साखळ्यांच्या सभासद योजनेत तुमची श्रेणी ठरते ती वर्षभरात किती रात्री तुम्ही त्यांच्याकडे झोपलात यावरून. मॅरियटच्या बॉनव्हॉय योजनेत 10 रात्रींना सिल्व्हर, 25 ला गोल्ड, 50 ला प्लॅटिनम आणि 75 ला टायटेनियम. प्लॅटिनमला पोचलं की बऱ्याच हॉटेलांत नाश्ता किंवा लाउंज मिळतं, रिकामी असेल तर मोठी खोली मिळते, आणि शक्य असेल तिथे दुपारी चारपर्यंत खोली सोडायची सवलत. बाकीच्या साखळ्यांचे आकडे थोडे इकडेतिकडे, पण रीत हीच. आता ज्या बाईच्या घरी लहान मूल आहे, तिच्या खात्यावर अशा 50 रात्री जमतात तेव्हा त्याच 50 रात्री घरी दुसरं कुणीतरी त्या मुलाच्या अंथरुणाशेजारी झोपलेलं असतं. त्या माणसाची नोंद कुठेच होत नाही. ती व्हायला हवी, आणि लाभात त्या माणसाचा वाटा हक्काने असायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

मी औषधांच्या कारखान्यांची गुणवत्ता तपासणी करते. हैदराबाद, अहमदाबाद, चंदीगड, विशाखापट्टणम असे दौरे असतात, आणि कंपनी ज्या हॉटेलांशी वर्षाचा दर ठरवते तिथे मी उतरते. माझं माहेर वेल्हे तालुक्यात, गुंजवणीच्या खोऱ्यात. तालुक्याला राजगड नाव द्यायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने 2024 मध्ये घेतला, आई अजून वेल्हंच म्हणते. सासर भोर तालुक्यात, वेळवंड खोऱ्यात, भाटघरच्या पाण्याच्या कडेला. आम्ही राहतो धनकवडीत, जिथे या दोन्ही तालुक्यांतली कितीतरी घरं येऊन वसली आहेत.

मुलगी झाल्यावर माझी नोकरी टिकली ती दोन बायकांमुळे. आईची भाताची खाचरं आहेत. लावणी उरकली की ती ऑगस्टात आमच्याकडे यायची आणि दिवाळीच्या तोंडाला कापणीसाठी परत जायची. झोडणी होऊन भात कणगीत पडलं की आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, यायच्या. शिमग्यानंतर राब भाजायला माणूस लागतो, म्हणून त्या निघायच्या. उन्हाळ्यात मुलगीच गावी जायची. पेरणी-लावणीच्या दिवसांत दोघींपैकी कुणालाच हलता येत नसे, तेव्हा मी नवऱ्याच्या सुट्ट्या बघून दौरे लावायचे. दोन तालुक्यांतल्या भाताच्या कामाचं वेळापत्रक आणि एका पोरीचं संगोपन यांची अशी सांगड घातलेली होती. येण्याजाण्यात जनावराचे हाल होतात म्हणून आईने म्हैस विकली. घरचं दूध गेलं, डेअरीचे पैसे गेले. माझ्या पॉइंटांच्या मागे ती म्हैस आहे, हे मी कधी विसरत नाही.

पुरेसे पॉइंट जमले तेव्हा ऑफिसातल्या मैत्रिणींनी दुबई सुचवलं, कुणी बँकॉक. मी पुणंच ठरवलं. दोघींकडे पासपोर्ट नाही, आत्यांचे गुडघे दुखतात, आणि गोठा शेजाऱ्यांवर टाकून एका रात्रीपेक्षा जास्त राहायला त्या आता तयार होत नाहीत. शिवाय पुणं हे दोघींचं शहर आहे. एसटीने स्वारगेटला उतरून बाजार, दवाखाना, लग्नाचे बस्ते, नातवंडांची आजारपणं, सगळं त्यांनी याच शहरात केलं. इथल्या एखाद्या मोठ्या हॉटेलात पाहुणी म्हणून जायचा प्रसंग मात्र कधी आला नव्हता.

माझी पहिली कल्पना अशी की दोघी विहिणींनाच पाठवावं. सून-लेक शेजारी असली की त्या मोकळ्या होत नाहीत. पॉइंटांवर दुसऱ्याच्या नावाने खोली घेता येते, तेवढं सोपं आहे. पण नियम असा की सभासद स्वतः मुक्कामाला नसेल तर सभासदाचे लाभ लागू होत नाहीत. नाश्ता नाही, लाउंज नाही, उशिरा खोली सोडणं नाही. मग मीही जायचं ठरवलं. एका खोलीत त्या दोघी, शेजारच्या खोलीत मी. तर लाभ फक्त माझ्या खोलीला, आणि लाउंजमध्ये व नाश्त्याला सभासद आणि तिचा एक पाहुणा, एवढ्यांनाच प्रवेश. म्हणजे आई आणि आत्या यांच्यातली एक निवडायची.

आईला हे कळलं तेव्हा ती लगेच म्हणाली, "ईनबाईंना ने. मी हितंच च्या घेते." आत्या म्हणाल्या, "मला कुठं सकाळचं खायला लागतं?" दोघींनी आयुष्यभर केलं तेच दोघी पुन्हा करायला निघाल्या, एकमेकींसाठी मागे सरायचं. मी निवड न करता दोघींच्या नाश्त्याचे पैसे भरले आणि आम्ही तिघी एका टेबलावर बसलो. हॉटेलातली मुलं अगत्याने वागली, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी हरकत आहे ती नियमावर, आणि तो कुणा एका साखळीचा नाही. थोड्या फरकाने तो सगळीकडे दिसतो.

हा नियम आला कुठून? विमान कंपन्यांच्या योजनांवरून हॉटेलांनी धडा घेतला. अमेरिकन एअरलाइन्सने 1981 मध्ये आपली योजना सुरू केली, आणि हॉलिडे इन व मॅरियट यांनी 1983 मध्ये आपापल्या. डोळ्यासमोर होता तो कामासाठी एकटा फिरणारा पुरुष. घरी त्याची बायको मुलं सांभाळते आहे हे गृहीतच होतं. तिच्यासाठी सुट्टीच्या दिवशी 'एक पाहुणा' एवढी जागा नियमात ठेवली. चाळीस वर्षांनी आज त्याच योजनेत पुण्यातल्या, नाशिकमधल्या, नागपुरातल्या बायका आहेत. त्यांच्यामागे आई असते, सासू असते, कुणाची धाकटी जाऊ, कुणाची आत्या. आपल्याकडे नोकरी एकाची असली तरी ती पेलतं सगळं घर. योजनेने मात्र अजून एकच माणूस मोजायचं सोडलेलं नाही.

हे बदलता येतं. हयातच्या योजनेत 'गेस्ट ऑफ ऑनर' नावाची सोय आहे. बऱ्याच रात्री भरलेल्या सभासदाला आपल्या पॉइंटांवर दुसऱ्या कुणाचा मुक्काम करून देता येतो, आणि त्या पाहुण्याला वरच्या श्रेणीचे लाभ मिळतात. हिल्टनने 2017 पासून अकरा जणांपर्यंत पॉइंट एकत्र करायची मुभा दिली आहे. म्हणजे संगणकाला हे जमतं, हिशेबाला झेपतं. आणखी एक उदाहरण मला जास्त बोचतं. ऑगस्ट 2023 मध्ये एचडीएफसी बँक आणि मॅरियट यांचं संयुक्त क्रेडिट कार्ड आलं. ते घेतलं की एक रात्रही घराबाहेर न काढता सिल्व्हर श्रेणी मिळते. वार्षिक शुल्क भरणाऱ्याला श्रेणी देता येते, तर माझ्या रात्रींचा भार प्रत्यक्ष वाहिलेल्या बाईला का देता येऊ नये? मागणी साधी आहे. सभासदाने वर्षाच्या सुरुवातीला घरातल्या दोन माणसांची नावं नोंदवावीत, आणि त्यांना सभासद सोबत नसतानाही वर्षातल्या काही रात्री तेच लाभ मिळावेत.

लोक याचा बाजार मांडतील, श्रेणी विकतील, असा आक्षेप येईल. विकणारे आजही विकतात. आणि हॉटेलात शिरताना प्रत्येकाचं ओळखपत्र घेतलं जातंच. वर्षभरासाठी नोंदवलेलं नाव आधार कार्डाशी जुळलं की झालं.

दुसरा आक्षेप मला गंभीर वाटतो. खोलीचे पैसे कंपनीने भरले, मग पॉइंट कर्मचाऱ्याचे कसे? केंद्र सरकारचा आपल्या कर्मचाऱ्यांसाठी नियम आहे की सरकारी कामाच्या विमान प्रवासात जमलेले माइल्स पुढच्या सरकारी प्रवासासाठीच वापरावेत. पैसा जनतेचा आहे, तिथे तो नियम योग्यच आहे. खाजगी नोकरीत कंपन्या पॉइंट कर्मचाऱ्याकडे राहू देतात, आणि मला त्यात न्याय दिसतो. खोलीचं भाडं कंपनीचं, पण त्या रात्री मुलीला ताप असताना पट्ट्या बदलत बसणं कंपनीच्या खर्चात कुठे धरलेलं नव्हतं. ते आत्यांनी केलं. म्हणूनच मी म्हणते की पॉइंट कंपनीचे नाहीत, आणि एकट्या माझेही नाहीत.

त्या मुक्कामात दोघींना काय आवडलं? लाउंज नाही, खिडकीतून दिसणारं शहरही नाही. आवडलं ते सकाळी उठून काहीही पेटवायचं नव्हतं ते. आई उजाडल्यावरही पडून राहिली. मी तिला असं फक्त दुखण्यात पाहिलं आहे. बुफेत नाचणीचा डोसा होता, तो दोघींनी चाखून पाहिला आणि पीठ कुठल्या नाचणीचं असेल यावर बराच वेळ बोलल्या. वाढणारा मुलगा भोर भागातला निघाला. बोलण्यावरून आत्यांनी ओळखलं. या हॉटेलांच्या पहाऱ्यावर, भटारखान्यात, कपडे धुण्याच्या विभागात आमच्या दोन्ही तालुक्यांतली पोरं आहेत. कायम नोकरीतल्यांना साखळ्या आपल्या हॉटेलांत सवलतीचे दर देतात. ठेकेदाराच्या मार्फत आलेल्यांना ते सहसा मिळत नाहीत. हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण तो सोडून पुढे जाववत नाही.

आंघोळीच्या मोठ्या टबापाशी आत्या थांबल्या आणि विचारलं, "ह्यात किती घागरी बसतील? आणि हे पाणी कुठलं?" मी सांगितलं, खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. आई म्हणाली, "म्हणजे आमचंच." पुणेकरांना पानशेत म्हटलं की 12 जुलै 1961 चा पूर आठवतो. आमच्या घरात पानशेत म्हटलं की पाण्याखाली गेलेल्या गावांची आणि उठून गेलेल्या सोयऱ्यांची नावं निघतात. आत्यांच्या खोऱ्यातलं भाटघर त्याहून जुनं, 1927 मध्ये पुरं झालेलं. त्याचं पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणकडे जातं, आणि धरणाच्या वरच्या अंगाच्या वाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. त्या दोघींनी हे कडवटपणे काढलं नाही. टब भरला नाही, बादली मागवून आंघोळ केली, एवढंच. मला मात्र तेव्हापासून पक्कं वाटतं की अशा हॉटेलात या बायकांना कुणाची तरी 'एक पाहुणा' म्हणून नेणं हा हिशेबच चुकीचा आहे. शहर उभं राहिलं त्यात त्यांच्या खोऱ्यांचं देणं मोठं आहे.

नियम बदलेपर्यंत माझ्यासारख्या फिरणाऱ्या बायकांना, आणि पुरुषांनाही, काही सांगावंसं वाटतं. पॉइंट साठवून ठेवू नका. मॅरियटने 2022 पासून पॉइंटांत मोजायचे ठराविक दर काढून टाकले. आता खोलीचा भाव दिवसागणिक हलतो, आणि आज पुरणारे पॉइंट उद्या पुरतीलच असं नाही. खात्यावर 24 महिने काही हालचाल नसेल तर ते रद्दच होतात. लग्नसराई टाळून रविवारची रात्र बघा, बहुधा पॉइंट कमी लागतात. घरातली माणसं शेतीची असतील तर त्यांच्या कामांच्या मधली सवड धरा. आमच्याकडे ती मार्गशीर्ष-पौषात सापडते.

बुकिंग ॲपवर करा, पण नंतर हॉटेलला फोन करून बोला. मराठीत बोललात तरी चालतं, समोरचा बहुधा आपल्याकडचाच असतो. दोन वेगळ्या पलंगांची खोली मागा, लिफ्टजवळची, टब नसलेली. बादली आणि मग आधी ठेवायला सांगा, म्हाताऱ्या माणसाला शॉवरखाली तोल सांभाळता येत नाही. आधार कार्डावर नाव जसं आहे तसंच बुकिंगवर घाला. आत्यांच्या कार्डावर माहेरचं नाव आहे, त्यावरून रिसेप्शनवर बराच वेळ गेला. चारपर्यंत खोली हवी असेल तर आदल्या दिवशीच विचारा आणि कारण सांगा, की दुपारच्या एसटीला जायचं आहे. आणि नाश्त्याचा नियम 'सभासद आणि एक' असेल तर तिसऱ्या माणसाचे पैसे आधीच भरून टाका, म्हणजे टेबलापाशी उभं राहून कुणाला "मला भूक नाही" म्हणावं लागणार नाही.