दगड काचेवर, कपात ड्रायव्हरच्या पगारात

६ डिसेंबर २०२२ ला हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकवर दगड पडले. त्याच सुमारास तिकडे पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं गेलं. चर्चा भरपूर झाली. फुटलेल्या काचेचे पैसे शेवटी कुणाच्या खिशातून गेले, हे मात्र मला कुठल्याच बातमीत दिसलं नाही.

मित्रांनो, निपाणी, संकेश्वर, बेळगाव, खानापूर या पट्ट्यात आपल्या कितीतरी घरांत कुणी ना कुणी स्टिअरिंगवर आहे. एमएच गाडीवर हुक्केरीचा कन्नड भाऊ असतो, केए गाडीवर खानापूरचा मराठी. दगड मारणारा फक्त नंबर प्लेट बघतो.

आता विम्याचं बघू. कायद्याने सक्तीचा आहे तो थर्ड पार्टी. आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर तो कामाला येतो. आपली काच फुटली तर त्यातून एक रुपयाही मिळत नाही. गाडी जुनी झाली की बरेच मालक फक्त तेवढाच उतरवतात. दंगल, संप, मुद्दाम केलेली मोडतोड हे सगळं पॅकेज पॉलिसीत, म्हणजे आपण ज्याला ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतो त्यात बसतं. पण तिथेही गोम आहे. मालवाहू गाडीचे दिवे, टायर, मडगार्ड, बॉनेट, बंपर, रंग यांचं नुकसान साध्या पॉलिसीत धरत नाहीत. गाडी पूर्ण गेली तरच धरतात. त्यासाठी ‘आयएमटी २३’ हे कलम जादा पैसे भरून घ्यावं लागतं. एजंट ते आपणहून क्वचितच सांगतो. आणि गाडीतला माल? त्याचा विमा पूर्णपणे वेगळा.

मग होतं काय, की क्लेम बसत नाही आणि मालक म्हणतो, ‘तू गाडी तिथे नेलीसच कशाला?’ काचेचे पैसे पगारातून कापले जातात. माझ्या ओळखीच्या एकाचे तीन हप्त्यांत कापले. मला विचाराल तर ही सरळ लूट आहे. रस्ता कुठला घ्यायचा, माल कधी पोचायचा, हे ऑफिसात ठरतं. मग जोखीम ड्रायव्हरची कशी?

त्याच्या जिवाचं काय, तेही विचारा. १५ लाखांचा जो सक्तीचा अपघात विमा पॉलिसीत दिसतो, तो मालक स्वतः गाडी चालवत असेल तर त्याचा. पगारी ड्रायव्हरचा नव्हे. पगारी ड्रायव्हरची जबाबदारी थर्ड पार्टीत येते, पण कामगारांच्या भरपाईच्या हिशेबाने. तो हिशेब पगारावर बसतो. निम्मा पगार हातात, कागदावर नाव नाही, अशी नोकरी असेल तर घरच्यांनी सिद्ध काय करायचं? म्हणून पगार बँकेत मागा. कमी का असेना, नोंद राहते.

परमिट नसलेल्या गाडीबद्दल २०१८ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की कंपनीने आधी जखमीला भरपाई द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी. म्हणजे कागद संपलेली गाडी पळवून मालकही वाचत नाही. ओव्हरलोडचा दंड २०,००० पासून सुरू होतो, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. तवंदी घाट उतरताना ते जादा टन ब्रेकवर येतात, ते वेगळंच. कायदा दिवसाला आठ तासांची ड्युटी सांगतो. ते ऐकून कुठल्याही ढाब्यावर हशा पिकेल.

वातावरण तापलं की काय करायचं, हे ट्रान्सपोर्टवाल्यांनी आधीच लिहून ठेवायला हवं. गाडी कोगनोळीच्या अलीकडे थांबवायचा निर्णय ऑफिसने घ्यायचा, थांबलेल्या दिवसाचा भत्ता चालू ठेवायचा. दगड पडलाच तर आधी सुरक्षित जागा गाठायची, मग फोटो, पोलिसांत तक्रार, त्याच दिवशी विमा कंपनीला फोन. सर्व्हे होईपर्यंत काच बदलायची नाही.

तुमच्यातले जे ट्रान्सपोर्ट ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतात, त्यांनी या आठवड्यात एकेक पॉलिसी उघडून ‘आयएमटी २३’ आहे का तेवढं बघा, आणि नसेल तर रिन्यूअलच्या आधी मालकासमोर ठेवा.