आनंदाला जागा लागते

खरा आनंद आतच असतो. बाहेर मिळतं ते सुख आणि गर्दीत चढते ती नशा. कोल्हापुरातल्या एका व्याख्यानात परवा हे ऐकलं. मैदान, नाटक, जत्रा, गुलाल यांतलं काहीही नसताना जो प्रसन्न राहतो तोच आनंदी, बाकीचे भुललेले, असा एकूण सूर. वर उपनिषदांचा हवाला.

आधी उपनिषदच घेऊ. तैत्तिरीय उपनिषदात आनंदाचं माप काढलं आहे. ते सुरू होतं तरुण, शिकलेल्या, बळकट माणसापासून, ज्याच्यासाठी सारी पृथ्वी धनानं भरलेली आहे. पुढच्या पायऱ्यांवर निरिच्छ ज्ञानी येतो, हे मान्य. पण त्याच उपनिषदातल्या भृगूला ब्रह्म आधी अन्नात सापडतं आणि आनंदात सगळ्यात शेवटी. वक्ते जिना न चढताच माडीवर पोहोचले.

आणि कोल्हापुरातल्याच खासबाग कुस्ती मैदानाचं काय करायचं? राजर्षी शाहू महाराज 1902 साली युरोपला जाऊन आले. रोमचा जुना आखाडा पाहून त्यांना या मैदानाची कल्पना सुचली, असं सांगतात. 1912 साली मैदान उभं राहिलं. मधोमध हौदा, सभोवती चढत गेलेली जमीन, म्हणजे पार मागे बसलेल्या शेतकऱ्यालाही कुस्ती दिसावी. आनंद ज्याच्या त्याच्या छातीतच असेल, तर राजानं एवढी माती कशाला उपसली? तांबड्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू मुरलेलं असतं. हलगी कडाडते, निकाली जोड लागते, डाव बसतो, पाठ मातीला टेकते आणि शेजारचा अनोळखी माणूस तुमच्या पाठीत धपाटा घालतो. तेव्हा जे उसळतं ते घरून निघताना तुमच्याजवळ नव्हतं. ते पैलवानाच्या मेहनतीतून आलं, वस्तादाच्या शिकवणीतून आलं, त्या हजारो माणसांतून आलं. नशा उतरली की माणूस सगळं विसरतो. इथला माणूस तोच डाव घरी जाऊन पोराला दाखवतो.

त्याच मैदानालगत 1915 सालचं पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते जळालं. गावातले कलावंत ढसाढसा रडले. आनंद आत शाबूत होता, तर ते रडले कशाला?

यावर कुणी म्हणेल, आधी शाळा बांधा, करमणूक नंतर. हा तर फारच जुना वाद. ज्या शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, राधानगरीचं धरण हाती घेतलं, त्यांनीच खासबागेचं मैदान बांधलं. त्यांना यांतलं एक निवडावं लागलं नाही.

डॉल्बीनं घरांच्या भिंती हादरतात, तो आनंद नव्हे, हे कबूल. एकांतातही आनंद होतो, हेही कबूल.

माझं म्हणणं एवढंच, की आनंद घडावा लागतो आणि त्याला जागा, वेळ आणि दुसरी माणसं लागतात. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठी एकट्याला नाचवता येत नाही. दोऱ्या ताणून तोल सांभाळणारे चौफेर उभे लागतात, तेव्हा कुठं चांगभलंचा गजर उठतो. तालमीतली माती बदलायला, पैलवानाच्या दुधा-बदामाला, जळालेलं नाट्यगृह उभं करायला पैसा लागतो. आनंद आत असतो हे ऐकून हा खर्च कुणी वायफळ ठरवू नये, म्हणून हे लिहिलं.