कालुंडबोर्ग कुणी आखले नव्हते



‘शासनाने कालुंडबोर्गसारखी वसाहत उभारावी’ हे गेल्या अंकातील पत्र वाचले. तळमळ पटली, पण एकाचा कचरा दुसऱ्याने वापरायचा असा आराखडा डेन्मार्कच्या त्या गावात कुणी आखलाच नव्हता. १९६१मध्ये भूजल वाचवण्यासाठी तेलशुद्धीकरण कारखान्याला टिसो तलावाचे पाणी देण्याचे ठरले. १९७२मध्ये तिथला जादा वायू शेजारच्या जिप्सम बोर्डाच्या कारखान्याने घेतला. पुढे वीजकेंद्राची वाफ, औषध कारखान्याचा गाळ (तो शेतांत खत म्हणून गेला!) असे एकेक जोडले गेले. प्रत्येक सौदा दोन शेजाऱ्यांचा, आणि नफ्याचा हिशेब मांडूनच झालेला.

पत्रलेखक अक्षय ऊर्जा आणि कचऱ्याची देवघेव एकाच दमात मागतात. तिथेच खरी मेख आहे. कालुंडबोर्गच्याच आस्नेस वीजकेंद्रात कोळशाच्या धुरातले गंधक काढताना जिप्सम मिळे आणि त्यातून बोर्ड बनत. लाकडाच्या तुकड्यांत गंधक नगण्य. केंद्राने कोळसा सोडून हे इंधन घेतले, तशी या जिप्समची वाटही आटली. शेजाऱ्याच्या कचऱ्यावर ज्याचा कच्चा माल अवलंबून, त्याला शेजाऱ्याची सुधारणा महागात पडू शकते. करारात याची सोय हवी.

आपल्याकडच्या साखर कारखान्यांत बगॅसवर (उसाच्या चिपाडावर) वीज आणि मळीपासून इथेनॉल बनतेच. पण वाफ शेजाऱ्याला विकायची, तर गळीत हंगाम संपल्यावर बॉयलरमध्ये काय घालणार? नवी वसाहत मागण्याआधी पत्रलेखकांनी एवढे सांगावे.

आपला,
एक वाचक